खिडकी खाली गेली, मेमरी मात्र तिथेच

तापीच्या काठी, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असले तरी त्याचा अर्धा कान नेहमी महाराष्ट्राकडे असतो. भुसावळहून खंडव्याकडे निघालेली गाडी रावेर मागे टाकते आणि थोड्याच वेळात बुऱ्हाणपूरला पोहोचते. बाजारात हिंदी, उर्दू, निमाडी आणि मराठी एकाच वाक्यात ऐकू येतात. पर्यटकांच्या लेखी हे मुमताजमहलचा १६३१ साली मृत्यू झाला ते शहर. तिथल्या रहिवाशांच्या लेखी ते यंत्रमागांचे आणि केळीचे गाव, आणि अलीकडे, देशातल्या कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणासारखे, ऑनलाइन अर्जांचेही. मध्य प्रदेश सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या भागीदारीतून २००६ साली ‘एमपी ऑनलाइन’ उभी राहिली. २०१० मध्ये त्या राज्याने लोकसेवा हमीचा कायदा केला. तेव्हापासून दाखला, परीक्षेचा अर्ज, वीजबिल, शेतकऱ्याची नोंदणी यांसाठी माणूस कचेरीआधी गल्लीतल्या संगणकाच्या दुकानाची पायरी चढू लागला.

अशा दुकानातील संगणकाच्या पडद्यावर एका वेळी काय काय उघडे असते, ते पाहण्यासारखे आहे. ब्राउझरमध्ये दोन-तीन सरकारी संकेतस्थळे. शेजारी वर्डमध्ये कृतिदेव टंकात लिहिलेला हिंदी अर्ज आणि तो युनिकोडमध्ये बदलून देणारे एखादे पान, कारण सरकारी संकेतस्थळाला कृतिदेव समजत नाही. ग्राहकाने पाठवलेले कागद उतरवून घेण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप, छायाचित्र ठरावीक किलोबाइटांत बसवण्यासाठी चित्रांचा प्रोग्रॅम, स्कॅनरचा आपला वेगळा प्रोग्रॅम, तीन-चार पीडीएफ. संगणकात रॅम चार किंवा आठ जीबी. दुपारनंतर यंत्र रेंगाळू लागते, माउसचा बाण अडखळतो, आणि दुकानदाराचे बोट सवयीने विंडोज आणि डी या दोन कळांवर जाते. सगळ्या खिडक्या एकदम खाली जातात, मोकळा पडदा दिसतो, आणि यंत्राला श्वास घ्यायला जागा मिळाली असे वाटते. पणजी, म्हापसा, फोंडा किंवा मडगाव इथल्या झेरॉक्सच्या दुकानांतही हेच घडते. घराघरांत तर घडतेच.

या समजुतीत तथ्य किती? थोडक्यात उत्तर असे की आजच्या संगणकावर फारच थोडे. ही समजूत मात्र निराधार जन्मलेली नाही. एके काळी ती खरी वाटावी असा पुरावा विंडोज स्वतःच पडद्यावर दाखवत असे.

आधी खिडकी म्हणजे काय, ते पाहावे लागेल. आपण एखादा प्रोग्रॅम सुरू करतो तेव्हा डिस्कवरचा त्याचा मजकूर रॅममध्ये आणला जातो आणि त्याच्या कामाला लागणारी माहितीही तिथेच साठत जाते. वर्डमध्ये लिहिलेला मजकूर, तो मागे घेता यावा म्हणून जपलेला बदलांचा इतिहास, ब्राउझरने उतरवलेल्या पानांची चित्रे, त्या पानांवर चालणाऱ्या लिपी, हे सारे त्यात आले. खिडकी ही या सर्वांची केवळ दर्शनी बाजू आहे. ती लहान करून टास्कबारवर पाठवली की पडद्यावर रंगवण्याचे काम थांबते. आतला प्रोग्रॅम आहे तिथेच, आहे तसाच राहतो. त्याला फार तर ‘तुमची खिडकी आता दिसत नाही’ असा निरोप मिळतो. त्या निरोपावर काही करायचे की नाही, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर अवलंबून असते, आणि बहुतेक प्रोग्रॅम काहीच करत नाहीत.

बुऱ्हाणपूरच्याच मातीत याला एक चांगला दाखला आहे. १६१५च्या सुमारास, जहांगिराच्या काळात, अब्दुर्रहीम खानखानान याच्या कारकिर्दीत या शहरासाठी भुयारी पाणीयोजना उभारण्यात आली. तबकुतुल अर्झ या इराणी जाणकाराच्या आखणीनुसार सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या नाल्यांत गोळा करून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले गेले. या योजनेतील कुंडी भंडारा आजही पाहता येतो. खूनी भंडारा या नावाने त्याचा समावेश २०२४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही झाला. जमिनीवरून चालणाऱ्याला दिसतात त्या केवळ ओळीने मांडलेल्या कुंड्यांची तोंडे, शंभराहून अधिक. पाणी वाहते ते खाली, एका कुंडीतून दुसरीत. एखाद्या कुंडीच्या तोंडावर झाकण ठेवले तर वरून पाहणाऱ्याला पाणी दिसेनासे होईल, पण भुयारातला थेंबही कमी होणार नाही. खिडकी लहान करणे हे असे झाकण ठेवणे आहे.

झाकणाने अजिबात काहीच वाचत नाही, असेही म्हणता येत नाही. खिडकीचे जे चित्र पडद्यावर दिसते त्यालाही जागा लागते. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पूर्ण पडदा घेतला आणि दर ठिपक्याला चार बाइट धरले, तर हिशेब सुमारे ८३ लाख बाइट, म्हणजे आठ एमबीच्या आसपास येतो. खिडकी खाली गेल्यावर ही सारीच जागा सुटते असे नाही, कारण टास्कबारवर बोट नेल्यावर दिसणारी छोटी प्रतिमा कुठून तरी यावी लागते. पण ती सगळी सुटली असे धरले तरी काही पाने उघडलेला ब्राउझर शेकडो एमबी व्यापून बसलेला असतो. त्यापुढे आठ एमबी म्हणजे भरल्या गोदामातून एक पोते हलवण्यासारखे. खिडकी लपवल्याने खरी बचत होते ती रंगकामाची. हलती जाहिरात, चलचित्र, सतत बदलणारे आकडे यांसाठी प्रोसेसरला आणि चित्रे रंगवणाऱ्या चिपेला जे श्रम पडतात ते कमी होतात. सगळ्या खिडक्या खाली केल्यावर यंत्र क्षणभर हलके वाटते, त्याचे कारण बहुधा हे असते. फायदा खरा आहे, पण त्याचे श्रेय मेमरीला दिले जाते, हे चुकीचे.

मग ही समजूत आली कुठून? त्यासाठी थोडे मागे जावे लागते. रॅम महाग आणि अपुरी, डिस्क स्वस्त आणि विपुल, ही संगणकशास्त्राची जुनी अडचण. मँचेस्टर विद्यापीठातील अ‍ॅटलस संगणकाने १९६२ मध्ये तिच्यावर एक तोड काढली. प्रोग्रॅमची माहिती लहान, समान आकाराच्या पानांत वाटायची, हवी ती पाने मुख्य मेमरीत ठेवायची, नको असलेली मागच्या साठवणीत सारायची आणि प्रोग्रॅमला मात्र सगळी पाने जवळच आहेत असे भासू द्यायचे. आजच्या घरगुती संगणकातही हीच रचना आहे. पानाचा नेहमीचा आकार चार किलोबाइट आणि मागची साठवण म्हणजे डिस्कवरची पेजफाइल. १९६८ मध्ये पीटर डेनिंग यांनी त्यात एक महत्त्वाचा विचार जोडला. कोणत्याही प्रोग्रॅमला एका काळात त्याच्या सर्व पानांची गरज नसते, ठरावीक पानांचा संच त्याला पुन्हा पुन्हा लागतो. या संचाला त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटले. मराठीत त्याला कार्यसंच म्हणता येईल. सगळ्या प्रोग्रॅमांचे कार्यसंच रॅममध्ये मावले तर यंत्र सुरळीत चालते. मावले नाहीत तर पाने आत-बाहेर करण्यातच त्याचा वेळ जातो आणि मूळ काम खोळंबते.

विंडोज एक्सपी २००१ साली आली तेव्हा तिला किमान ६४ एमबी रॅम पुरे, १२८ असेल तर बरे, असे सांगितले जाई. जीबी नव्हे, एमबी. एवढ्या तुटपुंज्या जागेत संसार करायचा तर कोणाला बाजूला सारायचे, हे ठरवणे भाग होते. विंडोजने एक व्यवहारी अटकळ बांधली: ज्याची खिडकी माणसाने खाली पाठवली, तो प्रोग्रॅम त्याला इतक्यात नको असावा. म्हणून मुख्य खिडकी लहान होताच त्या प्रोग्रॅमचा कार्यसंच छाटला जाई. टास्क मॅनेजरमधला ‘मेम यूसेज’ हा आकडा डोळ्यांदेखत कोसळे. मायक्रोसॉफ्टने आपल्या तांत्रिक टिपणांत या वर्तनाची नोंदही केली होती. ज्यांनी तो आकडा घसरताना पाहिला त्यांनी खिडकी खाली केली की मेमरी मोकळी होते असा निष्कर्ष काढला, आणि त्यांना दोष देता येत नाही.

त्या आकड्याच्या शेजारी आणखी एक रकाना घेता येत असे, ‘व्हीएम साइझ’. तो बहुतेकांनी कधी उघडलाच नाही. प्रोग्रॅमने स्वतःसाठी एकूण किती जागा मागून घेतली आहे, ते त्यात दिसे. खिडकी खाली केल्यावर हा आकडा जवळजवळ हलत नसे. प्रोग्रॅमने काहीही परत केलेले नव्हते. त्याची पाने पुढच्या दालनातून मागच्या खोलीत गेली होती, इतकेच.

या मागच्या खोलीचेही दोन भाग आहेत. छाटलेली पाने लगेच डिस्कवर जात नाहीत, आधी ती रॅममध्येच प्रतीक्षायादीत बसतात. प्रोग्रॅमला त्यांची पुन्हा गरज लागली आणि तोवर ती जागा कोणी घेतलेली नसली तर पान क्षणार्धात परत मिळते, डिस्कला हातही लावावा लागत नाही. पण मधल्या काळात दुसऱ्या प्रोग्रॅमने ती जागा घेतली असेल, तर पान डिस्कवरून आणावे लागते, आणि खरा भुर्दंड इथे पडतो. रॅममधून माहिती मिळायला साधारण शंभर नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरून ती मिळायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास. हे अंतर लाखपटीचे आहे. रॅममधले काम एका सेकंदाचे मानले तर डिस्कवरचे तेच काम सत्तावीस तासांहून अधिक चालेल. एसएसडीवर ते पंधरा-सतरा मिनिटांवर येते, म्हणजे खूपच सुधारते, तरी सेकंदाच्या तुलनेत लांबच. एक्सपीच्या काळात जेवणाच्या सुट्टीनंतर खिडकी पुन्हा वर आणली की ती पांढरीफटक पडून राही आणि डिस्कची घरघर ऐकू येई, ते याचमुळे. फायरफॉक्सच्या विकसकांनी आपल्या ब्राउझरमध्ये या छाटणीसाठी पडद्याआडची एक वेगळी सेटिंगच ठेवली. ज्याला आकडा लहान हवा त्याने छाटणी करवून घ्यावी, ज्याला पान लगेच हवे त्याने ती टाळावी.

याच छाटणीवर एका व्यवसायाचेही पोट भरले. ‘रॅम साफ करणारे’, ‘मेमरी वाढवणारे’ म्हणून विकले गेलेले आणि आजही मिळणारे अनेक छोटे प्रोग्रॅम मुळात एवढेच करतात: सगळ्या प्रोग्रॅमांचे कार्यसंच जबरदस्तीने छाटतात आणि घसरलेला आकडा हिरव्या रंगात दाखवतात. पुढच्या मिनिटाला तीच पाने परत आणावी लागतात. घरातले सामान अंगणात काढून ठेवायचे आणि घर किती प्रशस्त झाले म्हणून पाठ थोपटून घ्यायची, असा हा प्रकार आहे. त्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही.

आजचे चित्र वेगळे आहे. विंडोजच्या पुढच्या आवृत्त्यांत खिडकी वर आहे की खाली याला गौण स्थान उरले. पाने कधी हलवायची हे मुख्यतः मेमरीच्या टंचाईवर ठरते. रॅम मोकळी असेल तर खाली गेलेल्या प्रोग्रॅमची पाने खुशाल तिथेच राहतात, आणि तेच योग्य आहे, कारण रिकामी पडलेली रॅम कोणाच्याच उपयोगाची नसते. टंचाई भासू लागली की बराच वेळ न वापरलेली पाने आधी निवडली जातात. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० पासून ती डिस्कवर धाडण्याआधी दाबून, आकाराने लहान करून रॅममध्येच ठेवली जातात. अ‍ॅपलने मॅकमध्ये ही सोय २०१३ मध्येच आणली होती. खाली ठेवलेला प्रोग्रॅम अशा वेळी आधी दाबला जातो हे खरे, पण तो खाली आहे म्हणून नव्हे, तर कोणी वापरत नाही म्हणून. पडद्यावर उघडा ठेवलेला आणि तासभर न शिवलेला प्रोग्रॅमही त्याच वाटेने जातो.

अपवाद आहेत, आणि गोंधळ वाढतो तो त्यांच्यामुळे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली काही नव्या पद्धतीची अ‍ॅप्स खाली गेल्यावर थोड्याच वेळात गोठवली जातात आणि त्यांची जागा काढून घेता येते. मोबाइलमध्ये तर हाच नियम: मागे गेलेले अ‍ॅप फोन केव्हाही बंद करू शकतो. फोनवरच पहिल्यांदा संगणक हाताळायला शिकलेली पिढी टेबलावरच्या यंत्राकडूनही हीच अपेक्षा ठेवते. वर्ड, टॅली, फोटोशॉप अशा नेहमीच्या प्रोग्रॅमांना मात्र हा नियम लागू नाही.

ब्राउझरचे प्रकरण आणखी निराळे. २०२१ पासून क्रोम, दिसेनासे झालेले पान पाच मिनिटे तसेच राहिले तर त्यातल्या बहुतेक घड्याळी कामांना मिनिटाला एकदाच जागे होऊ देतो. त्यामुळे प्रोसेसरचे श्रम आणि लॅपटॉपची बॅटरी वाचते, मेमरी नाही. मेमरीसाठी वेगळी सोय आहे. एजने २०२१ मध्ये झोपणारे टॅब आणले, क्रोमने २०२२च्या अखेरीस मेमरी सेव्हर आणला. बराच काळ न पाहिलेले टॅब त्यात निष्क्रिय केले जातात. मेमरी सेव्हरने बाजूला केलेला टॅब पुन्हा उघडला की ते पान नव्याने उतरते. अर्धवट भरलेला अर्ज, चालू डाउनलोड, वाजणारा आवाज अशा पानांना क्रोम सहसा हात लावत नाही. तरीही दुकानदाराने एक भेद लक्षात ठेवलेला बरा. अर्जाच्या पानावर परतल्यावर ‘सत्र संपले, पुन्हा लॉगिन करा’ असा संदेश आला, तर तो मेमरीचा दोष नव्हे. काही मिनिटे हालचाल दिसली नाही की सरकारी सर्व्हर आपल्या बाजूने दार लावून घेतो. खिडकी वर असती तरी ते लागलेच असते.

हे सारे तांत्रिक कुतूहलापुरते राहत नाही, कारण त्यात माणसांचा वेळ आणि पैसा अडकलेला असतो. शेवटच्या तारखेची संध्याकाळ, बाहेर रांग, आणि शुल्क भरण्याच्या पानावर यंत्र गोठलेले. बटण दाबले गेले की नाही हे कळत नाही, म्हणून ते दुसऱ्यांदा दाबले जाते. परीक्षेचा अर्ज भरायला आलेली मुलगी किंवा केळीच्या बागेतून दिवस मोडून आलेला शेतकरी यांना कार्यसंच म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही. त्यांना पावती हवी असते. आणि त्या क्षणी सगळ्या खिडक्या खाली ढकलणे हा बहुधा सर्वांत वाईट उपाय ठरतो. सतरा प्रोग्रॅम उघडेच राहतात, रॅम तेवढीच भरलेली राहते, आणि हवी ती खिडकी टास्कबारवर शोधण्यात आणखी वेळ जातो.

करायचे ते साधे आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या मेमरी या शीर्षकावर टिचकी मारली की सर्वांत जास्त जागा खाणारे प्रोग्रॅम वर येतात. त्यांपैकी नको असलेला प्रोग्रॅम काम जतन करून पूर्ण बंद करावा. खिडकीच्या कोपऱ्यातल्या फुलीवर सर्वस्वी विसंबू नये, कारण कित्येक प्रोग्रॅम फुलीनंतरही घड्याळाशेजारच्या छोट्या चिन्हांत जागे राहतात. निरोप पाठवणारे आणि दुरून संगणक हाताळू देणारे प्रोग्रॅम यांत आघाडीवर असतात. तिथे उजवी टिचकी देऊन ‘एक्झिट’ निवडावे लागते. क्रोम आणि एज यांच्यातही खिडकी बंद झाल्यावर मागे काम चालू ठेवण्याची परवानगी असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढून घेता येते. संगणक सुरू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी टास्क मॅनेजरमध्येच सापडते. पहिल्यांदा ती पाहणाऱ्याला सहसा आश्चर्य वाटते.

ज्याला स्वतः पडताळून पाहायचे आहे त्याने टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ पानावर शीर्षकांच्या ओळीवर उजवी टिचकी देऊन ‘कमिट साइझ’ हा रकाना जोडावा. मग एखादा मोठा प्रोग्रॅम खाली करावा, आणि नंतर तोच पूर्ण बंद करावा. पहिल्या वेळी हा आकडा जवळपास स्थिर राहील, दुसऱ्या वेळी ती ओळच नाहीशी होईल.

नवी रॅम घ्यावी का, हा प्रश्न आता सोपा राहिलेला नाही. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ किमान चार जीबी मागते, पण तेवढ्यावर दुकानाचे काम रखडतच चालते. त्यातच कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५च्या उत्तरार्धात मेमरीच्या चिपांचे भाव झपाट्याने चढले. म्हणून खर्चाआधी एक तपासणी करावी. विंडोजमधल्या रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी पानावर ‘हार्ड फॉल्ट्स पर सेकंद’ असा आलेख असतो. पाने डिस्कवरून किती वेळा आणावी लागत आहेत, ते त्यात दिसते. प्रोग्रॅम उघडताना त्यात उसळी आली तर ती स्वाभाविक आहे. नेहमीच्या कामाच्या वेळी, नको ते प्रोग्रॅम बंद केल्यावरही, तो आलेख सतत उंचच राहत असेल तर रॅम खरोखर अपुरी आहे. तो खाली असेल आणि तरीही यंत्र रेंगाळत असेल, तर दोष जुन्या फिरत्या डिस्कमध्ये, प्रोसेसरमध्ये किंवा इंटरनेटच्या जोडणीत शोधावा. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर जुन्या यंत्रात जाणवणारा फरक अनेकदा रॅम वाढवण्यापेक्षा मोठा असतो.